तिसरी फेरी

तिसऱ्या फेरीत मीच नाव रेटलं होतं.
ट्रेव्हिन हॉलस्टेड, क्वार्टरबॅक, उंची जरा कमी.
पहिल्या फेरीतल्यांना तीन मोसम मिळतात
चुकायला.
याला मिळाला एक ऑगस्ट
आणि डेट्रॉइटमधली साडेअकरा मिनिटं.

हात चांगला होता, अजूनही म्हणतो मी.
फक्त चेंडू सोडण्याआधी
अर्धा क्षण अडायचा,
आत येऊ का, असं दारातच
विचारणाऱ्या पाहुण्यासारखा.

परवा टोलीडोबाहेर टायरच्या दुकानात दिसला.
मला ओळखलं. माझ्या गाडीखाली वाकून म्हणाला,
स्वस्तातला घेऊ नका, क्राउझसाहेब,
बर्फात भरवसा नाही.

मी महागातले चार घेतले.
निघताना त्यानं काउंटरपलीकडून किल्ली फेकली,
फोनवर बोलता बोलता, न बघता,
थेट माझ्या तळहातात.