ऐंशी किलो धरून

चिंगोलाच्या खाणीत मी वजनकाट्यावर असतो,
एकोणतीस वर्षं झाली.
ट्रक येतो, थांबतो,
आकडा थोडा थरथरतो, मग ठरतो.
वीस किलोंच्या आतलं माझ्या काट्याला दिसत नाही.
कोंबडी चढली, शून्य.
ताडपत्रीवर साचलेलं पाणी, शून्य.
न्सामाला एकदा गमतीनं उभी केली
तर म्हणे साठ.
दोन दिवस बोलली नाही, काट्याशीही आणि माझ्याशीही.

आता या वयात रात्रशाळा.
मिस न्सोफ्वा माझ्या धाकटीहून लहान,
खडूचा तुकडा संपेपर्यंत झिजवते.
फळ्यावर लिहिलं,
*तांब्याच्या एका अणूचं वस्तुमान काढा.*
मी बाक पुढे ओढला.
तांबं म्हणजे आमचंच की,
नखांत आहे, खोकल्यात आहे,
पेन्शनच्या कागदावर शिक्क्यात आहे.
पण एक अणू?
एकटं तांबं मी कधी पाहिलंच नाही.

दिलेलं असं :
एक मोल तांबं, त्रेसष्ट पूर्णांक पंचावन्न ग्रॅम,
मुठीत मावेल एवढं.
आणि त्या मुठीत अणू किती,
तर सहावर तेवीस शून्यं.
मी गुणलं.
आयुष्यभर गुणतच आलोय,
खेपा गुणिले टन, टन गुणिले दर.
उत्तर वहीच्या कडेबाहेर गेलं.
मिसने पाहिलं, हसली नाही,
खिडकीकडे बोट केलं.
"बा ब्वेंब्या, तुमचा हा एक अणू
त्या चंद्राच्या निम्म्याहून जड भरतोय.
घ्याल काट्यावर?"

तेवढ्यात लोडशेडिंग.
शिंपी कासुबाने मोबाईलचा टॉर्च धरला,
डास आकड्यांवर बसू लागले.
मी भागायला घेतलं.
मूठभरात इतके, तर एकाला किती,
हे तर घरी रोजच करतो,
फक्त खाणारी तोंडं एवढी नसतात.
शून्य, टिंब,
मग एकवीस शून्यं,
रात्रपाळीला दिवे मालवून
गेटाबाहेर उभ्या ट्रकांच्या रांगेसारखी,
आणि रांगेच्या पार शेवटी
एक, शून्य, पाच, पाच.
ग्रॅम.

हलकं म्हणजे किती हलकं, हे मला कळलं नाही.
कळलं इतकंच की आहे. शून्य नाही.
शून्यांच्या मागे कुणीतरी उभं आहे.

मी वही मिटणार, तर मिस म्हणाली,
"एक गंमत. एवढ्या वजनाचा
तांब्याचा एकही अणू जगात नाही.
दहांतले सातेक त्रेसष्टचे, तिनेक पासष्टचे.
त्रेसष्ट पूर्णांक पंचावन्नचा कुणीच नाही."
"मग आपण काढलं ते कुणाचं?"
"सगळ्यांचं मिळून. एकाचंही नाही."

सायकल हातात धरूनच घरी आलो.

आमच्या रजिस्टरात एक रकाना आहे :
*ड्रायव्हर, ऐंशी किलो धरून.*
भरल्या ट्रकातून ऐंशी वजा करायचे,
माणूस कुणीही असो.
चिसुलो शंभराच्या वर होता,
चढला की केबिन कण्हायची,
त्याचेही ऐंशी.
आणि कापेम्ब्वा, शेवटच्या वर्षी
शर्टात शोधावा लागायचा,
पन्नास तरी भरला असता का,
त्याचेही ऐंशी, रोज, तीन खेपा,
आणि खाली माझी सही.
तो जितका झिजला
तितकी माती त्याच्या नावावर वजा होत गेली
आणि मी, वजन करणारा माणूस,
त्याला कधी विचारलं नाही.

आज सकाळी पहिल्या ट्रकात नवा पोरगा होता.
खिडकीतून पावती देताना म्हटलं,
"तुझं वजन किती रे?"
तो दचकला.
"का? पगारातून कापणार?"

मागून हॉर्न वाजला.
मी रकान्यात ऐंशी लिहिलं,
आणि समासात, पेन्सिलीने, बारीक,
त्याचं नाव.