बरय

कुस्तोद म्हणाला, ‘मास्तर, बरय.’
मी सावंतवाडीहून हळदोण्याच्या मराठी शाळेत
नुकता रुजू झालेलो. जून, त्रेसष्ट.
मला वाटलं, बरं आहे म्हणतोय.
मीही म्हणालो, बरंय.
बाकावरची माणसं हसता हसता ठसकली.

त्यांच्या बोलीत बरय म्हणजे लिही.
त्याने काउंटरवरून वही सरकवली
आणि पुढली एकतीस वर्षं
मी एका तावेर्नाची उधारी लिहिली.

तावेर्न कुस्तोदच्या बापाचं.
लिगोर मोंबासाच्या बोटीवर आचारी होता,
उतरला तो एक कंदील आणि दुखरा गुडघा घेऊन.
भिंतीवर काचेत त्याचा पोर्तुगीज परवाना.
वाळवीने तो राज्य जायच्या आधीच खायला घेतला होता,
राज्य गेल्यावरही खात होती.
लिगोर म्हणे गिऱ्हाइकाचं तोंड बघून कोप भरायचा:
मुलीचं लग्न ठरलं असेल तर काठोकाठ,
बायकोने हाकललं असेल तर अर्धा, आणि वर चणे.

मी पीत नसे. लिंबू, सोडा, मीठ.
‘पाद्री घेतो, मास्तर घेत नाही,’
कुस्तोद नव्या माणसाला हळू आवाजात सांगायचा,
घरातला आजार सांगतात तसं.

एप्रिलात हुर्राक आला की वही फुगायची.
तारवटी बोटीवरून सुटीला आले की उतरायची.
तिन्हीसांजेला इगर्जीची घंटा झाली
की कोप खाली, टोप्या हातात,
पत्तेसुद्धा पालथे.
तेवढा वेळ फक्त गराफांवातली माशी बोलायची.
मग इनास म्हणायचा,
‘हां, तर ती पेनल्टी नव्हतीच.’

कुस्तोद गेला. सातव्या दिवसाच्या मिसानंतर
इश्पेरांसने तावेर्न उघडलं,
कोणाला काही वाढलं नाही.
मला म्हणाली, वाच.
मला वाचायची एकच रीत ठाऊक.
हजेरी घेतात तसं वाचलं.

इनास कुलासो.
‘आसां.’ सत्तावीस रुपये.
बोस्त्यांव रेंदेर.
‘आसां.’ साठ.
जुझे, पाडेली.
‘आसां,’ आणि खिसा उलटा करून दाखवला.
मिंगेल, तारवटी.

कोणी बोलेना.
मिंगेलला समुद्राने नेऊन सहा वर्षं झाली होती.
शाळेच्या सवयीने मी पुन्हा नाव घेतलं.
मागून बोस्त्यांव म्हणाला, ‘आसा,’
आणि नऊ रुपये ठेवले.

एका अनुस्वाराचा फरक.
आहे मी. आहे तो.
इतकी वर्षं व्याकरण शिकवलं,
हे कधी फळ्यावर लिहिलं नाही.

शेवटचं पान माझ्या अक्षरातलं नव्हतं.
रोमी लिपी, कुस्तोदचा वाकडा हात.
इनासच्या नातवाने लावून लावून वाचलं:
मास्तर. लिंबू, सोडा. त्रेसष्टपासून.
खाली बेरीज. ती इथे सांगत नाही.

आणि मी समजत होतो, पाहुणचार.

सगळा बाक माझ्याकडे बघत राहिला,
पेनल्टी मारणाऱ्याकडे बघतात तसा.
मी उभा राहिलो. चष्मा पुसला.
‘आसां,’ म्हणालो,
आणि या खेपेला कोणी हसलं नाही.

इश्पेरांसने लिंबू कापलं,
मीठ टाकलं, ग्लास पुढे केला.
‘हें आयचें वेगळें,’ म्हणाली.
‘बरय.’