वजनाच्या चौकटीत शून्य

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, काट्याशेजारच्या खोपटात
एक संगणक आहे. त्याला माउस नाही.
होता, पण पोटात समुद्र गेला त्याच्या,
आणि सिग्वर म्हणाली, नवा नको.
तिच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे,
मोज्यांवर कॉडचे खवले.
टॅब दाबायला करंगळी, एंटरला अंगठा,
एवढ्यावर तिची सकाळ चालते:
बोट, जात, वजन, बर्फ, भाव.

मी तोर्शाव्हनहून आलो, समुद्राखालचे दोन बोगदे ओलांडून,
कारण माझा प्रोग्रॅम पहाटे चारला अडकला
आणि तीन बोटी ताटकळल्या.

"दाखवा," म्हटलं.
तिनं वजनात शून्य टाकलं. टॅब.
कर्सर बर्फाच्या चौकटीत पोचतो न पोचतो
तोच वजन ओरडलं: शून्य चालत नाही, परत ये.
तो परत निघाला, तर मागून बर्फ ओरडला:
मला रिकामं सोडून कुठे?
वजन. बर्फ. वजन. बर्फ.
दोन चुलत्यांनी एकाच पुतण्याचे दोन हात धरावेत
तसा तो बारीक उभा दांडा
इकडून तिकडे, लुकलुकायलाही उसंत नाही.

दोन्हीकडचं ओरडणं माझंच होतं.
फोकस गेला की तपास, चूक दिसली की खेच मागे:
टेबलाशी बसून लिहिताना
मला ही शिस्त वाटली होती.

"शून्य का टाकता पण?"
"पेटी अजून दोरावर आहे," ती म्हणाली,
"ती उतरेपर्यंत मी बर्फ लिहिते."
मग खिडकीतल्या रेडिओत काहीतरी खरखरलं
आणि ती वळली. अख्खी वळली,
मान, खांदे, मोज्यातली बोटंसुद्धा.
कुणीतरी फेरोईजमध्ये दोन शब्द बोललं, वाऱ्याबद्दल.
तिचा आय्विन नव्हता तो.
ती पुन्हा पडद्याकडे आली, जिथे सोडलं होतं तिथे,
कुणी न ओढता.

मी तिथंच उकिडवा बसून
अकरा ओळी खोडल्या.
आता सुटलेली चौकट नुसती पिवळी होते
आणि गप्प राहते.
विचारायचं ते शेवटी, एकदाच,
पावती फाडायच्या आधी.

"हे आम्ही खडूनं करायचो," सिग्वर म्हणाली,
"फळीवर एक रेघ. बोट सुटायच्या आत पुसायची."
तिनं पेटी काट्यावर घेतली, आकडा टाकला,
पिवळं गेलं.

परतताना दुसऱ्या बोगद्यात रेडिओ बंद पडला,
वर केवढं तरी पाणी.
मी उगाच बटण फिरवत राहिलो,
आणि बाहेर उजेडात आल्यावरही
कितीतरी वेळ खरखर ऐकत गाडी चालवली.