ट्रेड टेस्ट, साकीनाका

टायरच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
आमचं शेत आहे.
बारा कुंड्या, दोन ट्यूबलाइट,
क्रॉफर्ड मार्केटातून डझनाच्या भावाने आणलेल्या
प्लास्टिकच्या स्ट्रॉबेऱ्या.
रोज संध्याकाळी मी त्या एकेक करून
हुकांना परत अडकवतो.
म्हणजे पेरणी माझी, राखणही माझी,
आणि पाखरू तर इथे खिडकीवरसुद्धा बसत नाही.

दोन मिनिटं. साठ फळं.
साठाच्या वर गेला तो परदेशी शेतात,
सहा महिन्यांच्या व्हिसावर.
खाली राहिला तो पुढच्या मंगळवारी
पुन्हा पैसे भरून.
पावतीवर नोकरी हा शब्द लिहायचा नाही,
साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
लिहायचं: प्रशिक्षण.
माझं अक्षर चांगलं आहे.

शेवंता केळगणे, जावळी तालुका, वय चौतीस.
तिने खुडायच्या आधी फळ नाकाशी नेलं
आणि हसली.
"आवो, ह्याला तर वासच न्हाई."
मग पदर खोचला.
ओढायचं नसतं, देठाला नख लावायचं,
फळाला कळता कामा नये,
हे तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
एक्क्याऐंशी.
मी तीनदा मोजली. एक्क्याऐंशी.
भिंतीवरच्या फळ्यावर अजून तो आकडा आहे,
'आतापर्यंतचा उच्चांक',
नाव पुसलेलं.

करार एकोणीस पानी.
मोठ्याने वाचून दाखवायचा नियम आहे,
म्हणून मी पहिलं पान वाचतो, आणि शेवटचं,
जिथे सही.
मधली पानं एकदा घरी नेली होती,
जेवण झाल्यावर, शब्दकोश घेऊन बसलो.
चौदाव्यावर लिहिलंय, मालक बदलता येणार नाही.
दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आलो.

सहा महिन्यांसाठी गेलेली शेवंता
आठव्या आठवड्यात जिना चढून आली.
हातात पगाराची चिठ्ठी.
"वाचून दावा. समदं."
या वेळी मी सगळं वाचलं.
पत्र्याच्या डब्यातल्या खाटेचं भाडं वजा.
गॅस वजा. शेतापर्यंतची बस वजा.
हातमोजे, दोन जोड, वजा.
काम नव्हतं ते दिवस कोरे.
ताशी किलो कमी भरले, सलग तीन दिवस;
चौथ्या दिवशी परतीचं तिकीट, तेही वजा.
उजवीकडे खाली जो आकडा उरला
तो मी हळू वाचला,
खालच्या हवेच्या पंपाच्या आवाजात मिसळून.

"तिकडंबी एक माणूस
घड्याळ घिऊन हुबा असायचा," ती म्हणाली.
"वंगाळ नव्हता. तुमच्यावानीच."

साहेब बाहेरगावी होते.
अशा वेळी साहेब बाहेरगावीच असतात.
ती बाकावर बसून राहिली, चहा घेतला नाही,
आणि बॅच काही थांबत नाही.
तलासरीचा जयेश दुमाडा, वीस वर्षांचा,
फळ मुठीत धरून ओढत होता,
हूक वाकत होते.
शेवंता उठली.
"आरं, आसं न्हवं. नख. हितं."
त्याचं बोट धरून देठावर ठेवलं,
आणि त्याला यायला लागलं,
एक, दोन, मग पाच, मग मोजता येईनात.
तिचा चेहरा जरा उजळला,
शिकवलेलं समोरच्याला आलं की उजळतो तसा.
आणि मग तिने हात मागे घेतला,
चुलीतल्या लाकडाला लागल्यासारखा.

पोराने न थांबता विचारलं,
"ताई, तिकडे थंडी खूप असते का?"

तिने माझ्याकडे बघितलं.
"त्यास्नी इचार."

मी घड्याळात बघत राहिलो.
एक मिनिट वीस.
एक मिनिट एकवीस.