सुईच्या टोकावर राहील एवढं

त्सिटाऊमध्ये, बंद झालेल्या दाताच्या दवाखान्याच्या
मागच्या खोलीत गेरलिंडे नोयबर्ट खेळण्यातली इंजिनं दुरुस्त करते.
चाळीस वर्षं तिनं लोकांच्या कवळ्या घडवल्या.
हत्यारं तीच: वाकड्या टोकाचा टोचा, चिमटा,
दांडीवरचा इवलासा आरसा.
टेबलावर पांढरी चादर, कडा उभ्या करून पिना मारलेल्या,
कारण ब्रशमागची स्प्रिंग एकदा सुटली
की नाकतोड्यासारखी उडते
आणि मग गुडघ्यांवर रांगायचं वय राहिलेलं नाही.

आज ओर्ट्रुन श्लेगेल आली आहे.
बुटांच्या खोक्यात, मोज्यात गुंडाळलेलं काळं इंजिन,
जुन्या मोटरीचं, जड.
"फोल्कमारचं. माझ्या भावाचं.
दर नाताळात तेल घालायचा, एकदाही चुकला नाही.
तरी बंद पडलं."

तरी नाही, म्हणूनच,
हे गेरलिंडे बोलत नाही.
स्क्रू काढते, निघाले त्या क्रमानं ओळीत ठेवते.
आत छत्तीस नाताळांचं तेल.
आधी मधासारखं असेल, मग डिंकासारखं,
आता लाखेसारखं, तपकिरी, नखाला न दबणारं.
"माया केली त्यानं," एवढंच म्हणते,
"जरा हात आखडून करायला हवी होती."

आर्मेचर ती बाहेर काढत नाही.
चुंबक जुना आहे;
मधलं माणूस उठून गेलं की त्याचा जोर ओसरतो.
ओर्ट्रुन खिडकीकडे बघते.

स्पिरिटचा बोळा. काळा, पुन्हा काळा, मग करडा.
कम्युटेटरच्या फटींतून दात कोरायची काडी,
लाकडाचीच, लोखंड तिथे नको.
तांबं हळूहळू लाल होतं, ओशाळल्यासारखं.
मग आसाभोवती गुंडाळलेलं काहीतरी
टोच्याला अडकतं. ती ओढते. येत राहतं.
लोकरीचा धागा, शेवाळी हिरवा.

"आमचा गालिचा राखाडी होता," ओर्ट्रुन म्हणते.

धागा चादरीवर पडून आहे.
बाहेर एक ट्रक मागे येतो, पिंपिं करत.

"कपाट हलवलं होतं," ती मग म्हणते, "आई गेली तेव्हा.
खाली हिरवा चौकोन निघाला.
आम्हाला वाटलं, कुणीतरी दुसरा तुकडा जोडलाय.
भांडलो त्यावरून. फोल्कमार म्हणाला,
आपण हिरव्यावरच खेळायचो.
मी त्याला खोटं पाडलं."

गेरलिंडे सुई तेलात बुडवते,
झटकते, आणि जे उरतं
ते पुढच्या बेअरिंगला. तसंच मागच्या.
दातेरी चाकाला ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका.
ब्रशना काहीच नाही, त्यांना कोरडंच राहू द्यायचं.

"बस, एवढंच?"
"एवढंच. डोळ्यांत हवं तेवढं घाल.
आणि नाताळाला नको. आवाज बदलला की."

दीड मीटरचा रूळ. बटण थोडं फिरवलं.
निळी ठिणगी, विजेचा तो जळका वास,
इंजिन आधी थरथरलं, मग निघालं,
सांध्यावर टक् करून पुढे.
उलट्या दिशेनं मात्र कुरकुरत आलं.
गेरलिंडेनं पुन्हा टोचा उचलला.

"राहू दे तेवढं," ओर्ट्रुन म्हणाली.
"आमच्याकडेही कुरकुरायचं."
धागा तिनं मोज्यात घातला,
इंजिन तसंच हातात धरून घरी नेलं.