जागली

अर्जात एक रकाना होता: शिकवण्याचा अनुभव.
मी शून्य लिहिलं. मग ते फारच गोल दिसलं,
म्हणून खोडून आडवी रेघ मारली.
सात वर्षं बेअरिंगच्या दुकानात बिलं फाडली होती,
नग, माप, दर, सूट,
आणि इंग्रजी लागायचं ते
चेन्नईच्या माणसाला फोनवर
माल पोचला का, हे विचारण्यापुरतं.

तरी घेतलं त्यांनी.

क्विरिला नदीच्या वरच्या अंगाला, इमेरेतीतल्या एका गावात
तिसरीचा वर्ग. अठरा मुलं, मधोमध लाकडाची शेगडी,
खिडकीत दोऱ्याला ओवून वाळत घातलेली नारिंगी फळं,
ज्यांचं नाव मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.
आदली रात्र जागून मी तक्ता आखला होता:
पाच मिनिटं नमस्कार, वीस मिनिटं रंग,
वीस मिनिटं घरातली माणसं.
सगळं अकरा मिनिटांत संपलं.
उरलेली चौतीस मिनिटं
हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसली.

"मास!" अशी हाक मारतात इथली मुलं शिक्षकाला.
मास्तरमधला तर कुठे गळून पडला, विचारलं नाही.
मी मागे वळून पाहिलं,
खरे मास्तर आले असतील म्हणून.

मागच्या बाकावर लामारा.
एकतीस वर्षं इंग्रजी शिकवते, सगळे काळ तोंडपाठ,
पण परक्या माणसाशी ते एकदाही बोललेली नाही.
सुट्टीत तिनं वहीत एक वाक्य लिहिलं,
एक स्वल्पविराम खोडला, पुन्हा घातला,
मग उभी राहून वाचून दाखवलं:
आपण माझ्यासोबत चहा घेतलात तर मला आनंद वाटेल.
मी म्हटलं, येस येस, व्हाय नॉट.
तिच्याकडे व्याकरण, माझ्याकडे कोडगेपणा,
चहा एकाच किटलीतला.

फ मात्र आम्हा सगळ्यांचाच अडला.
मुलं फिश म्हणायची ओठ मिटून, फणसातल्या फ नं.
मी रात्री आरशासमोर
खालचा ओठ दातांखाली धरून बसायचे.
खरं सांगू? माझाही फणसातलाच होता.

शेगडीत लाकडं सारायला चियाला यायची
(चमच्यातला च. इंग्रजीत तिचं नाव कसंही लिहा).
एकदा तिनं फाटकाशी निजलेल्या कुत्र्याकडे बोट केलं
आणि म्हणाली, जागली.
माझ्या आधी ओहायोचा कुणी मुलगा होता म्हणे,
वर्षभर द आणि झ यांच्यामध्ये अडकून पडला.
मी पहिल्या फटक्यात म्हटलं, जागली. जहाजातला ज.
ग तेवढा तिनं थोडा घशात ढकलायला लावला.
मग हातातलं लाकूड खाली ठेवून
पोरांना ओरडून काहीतरी सांगितलं,
त्यातला "मास" मला कळला.
जन्मभर तोंडात असलेलं अक्षर,
इंग्रजीनं कधी त्याची विचारपूससुद्धा केली नव्हती.

आमच्यात जागली म्हणजे जी रात्रभर झोपली नाही ती,
मी खुणांनी समजावलं.
चियालानं कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पोट धरून हसली.

डिसेंबरात तो कुत्रा सरळ वर्गातच आला,
शेगडीला पाठ लावून पसरला.
मी फळ्यावर लिहिलं: अ डॉग.
तोर्निके उठला. सदऱ्याच्या बाहीनं अ पुसला,
तिथं द लिहिला.
हे अ आणि द त्याच्या भाषेत नाहीत, माझ्याही नाहीत.
दोन आठवडे मी नियम वाचत होते,
नदीला का, गावाला का नाही,
आणि पान उलटलं की विसरत होते.
का रे, मी विचारलं.
तो भराभर बोलला, हात हलवत, कुत्र्याकडे, फाटकाकडे.
लामारा मागच्या बाकावरून उठली.
वही मिटलेलीच होती.
"तो म्हणतो," ती इंग्रजीत म्हणाली, मध्ये दोनदा अडखळत,
"हा कुठला तरी नाही. हा आपल्या ओळखीचा आहे."

मग काय झालं, किती वेळ झाला,
मला नीट सांगता यायचं नाही.
अठराही जण आपापल्या ओळखीच्या वस्तू मोजत होते,
द स्टोव्ह, द विंडो, द मास.
घंटा झाली.
कुत्रा तेवढा उठला.