त्रेचाळिसावा फॉर्म

त्रेचाळीस फॉर्म. मी दोनदा मोजले.
एकावर भडंगाचं तेल, एकावर कुणीतरी
उत्तरांऐवजी दाढीवाल्या बाईचं चित्र काढलेलं.
बिरनाळे सर म्हणाले, हाही अभिप्रायच. नोंद करा.

नोंद केली.

गाणं कशाबद्दल आहे असं वाटलं?
विश्रामबागच्या कँटीनमधले एकवीस जण : प्रेमाबद्दल.
आम्ही ते गाव सोडण्याबद्दल केलं होतं.
मार्केट यार्डात, हळदीचा सौदा उरकल्यावर,
पिवळ्या बोटांनी एका हमालानं लिहिलं :
पोरगी कामाला निघालीय, डबा विसरलीय.
श्रावस्तीच्या आईनं लिहिलं : स्वेटर घालायला हवा होता.

कुठे कंटाळा आला?
एक मिनिट चाळीस. एक मिनिट चाळीस.
परत एक मिनिट चाळीस.
तिथं श्रेणिकचा लाडका शॉट आहे,
रिकाम्या एसटीची काच, धूळ, अकरा सेकंद.
श्रेणिक मगदूम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
जसं काही मीच एक मिनिट चाळीस होते.

पोस्टरवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, निघाले.
स्टँडसमोरच्या पानवाल्यानं विचारलं,
काय निघाले? दिवाळे?

आणि मग हरिपूर.
ज्यांच्या नावेत बसून शूटिंग केलं
त्यांना दाखवायला हवं, एवढ्याचसाठी गेलो.
यल्लाप्पा अंबी. वय? 'लिवा साठ.'
वयोगटात सोळा ते चोवीसच्या पुढं चौकोनच नव्हता.
त्यांनी टोपी काढून मोबाइलवर सावली धरली,
एकदा पाहिलं. काही बोलले नाहीत.
पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.
संगमाच्या शॉटवर अंगठा टेकवला.

'पोरी, पाणी उलटं चाललंय की.'

रात्री दोन वाजता तो शॉट मी फ्लिप केला होता.
डावीकडून उजवीकडे म्हणजे जाणं, असं शिकवतात.
श्रावस्ती घरातून तशीच निघते,
संगमावर मात्र उजवीकडून आलेली.
एक क्लिक, आणि सगळं कसं जुळलं.
बेचाळीस जणांनी पाहिलं. सरांनी पाहिलं.
नदी कुणीच पाहिली नव्हती. मीसुद्धा.

'असं चाललेलं एकदाच बघितलंय,' ते म्हणाले,
'नाल्यातनं. नदी गावात शिरली तवा.
सात दिस ह्याच नावेतनं माणसं काढली.
गाणं ब्येस हाय तुमचं. पर ती गुणगुणत चाललीया
आन् मागं पाणी उलटं.
मला वाटलं, हिला कुणीतरी हाक मारा.'

इतर सूचना : यासाठी दोनच ओळी होत्या.
मी फॉर्म पालथा केला
आणि कोऱ्या बाजूवर त्यांच्याच शब्दांत लिहिलं.
हात कापत होता, नाव हलत होती म्हणून.

अहवालात तक्ते आले, गोल चार्ट आला.
त्रेचाळिसातला एक म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.
फोड इतकी बारीक की हळदीचा रंग देऊनही दिसेना.
सर म्हणाले, लक्ष्यगटाबाहेरचा आहे,
वगळला तरी चालेल.
त्यांचंही बरोबरच असेल. गुणांच्या रकान्यात
नदीला कुठं बसवायचं?

त्याच रात्री मी शॉट सरळ केला.
आता श्रावस्ती उजवीकडून डावीकडे चालते,
पाणी आपल्या वाटेनं खाली जातं,
आणि पोस्टरवर अजून निघालेच आहे.
श्रेणिकनं पाहिलं. खूप वेळानं म्हणाला,
अगं, ही तर परत येतेय.
मी म्हटलं, येऊ दे.

त्या गडबडीत एसटीच्या काचेचे सात सेकंदही
मी कापलेत.
ते त्याला अजून सांगितलेलं नाही.